मिस्त्रींची दहा बोटं

मिस्त्रींनी उजव्या हाताचा अंगठा पुन्हा एकदा काचेवर दाबला, आणि मशीनने पुन्हा एकदा लाल दिवा लावला.

"जोरात दाबा," खिडकीपलीकडची ठसेवाली बाई म्हणाली.

मिस्त्रींनी जोरात दाबला. उभं आयुष्य फरशा बसवण्यात गेलेलं. दाबायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. काच करकरली.

"अहो, इतकं नको! फुटेल ती!"

मागच्या खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसलेली बायको उठून पुढे आली. "जरा पुसून बघा ना अंगठा."

अंगठा पुसून झाला. त्यावर फुंकर मारून झाली. बायकोने रुमाल काढून ती सरकारी काचही पुसून दिली. मग तर्जनी झाली, मधलं बोट झालं, करंगळी झाली. पण पडद्यावर प्रत्येक वेळी एक राखाडी डाग तेवढा उमटे. काचेवर बोट नाही, उकडलेला बटाटा ठेवलाय असं वाटावं.

"काम काय करता तुम्ही?" बाईने विचारलं.

"फरशा बसवतो. बाथरूम, स्वयंपाकघर, जिने..."

"मग बरोबर आहे. सिमेंटने खाल्ल्या तुमच्या रेषा." बाईने हे डॉक्टरच्या सुरात सांगितलं. "बोटांना आराम द्या. सिमेंट बंद, घासकाम बंद, पाण्यात हात बंद. क्रीम लावा. रेषा परत येतात. पुढच्या महिन्यात या."

"मग आज माझे तरी घेऊन टाका," बायको हात पुढे करत म्हणाली.

"नाही घेता येणार. अर्ज एकत्र आहे ना? दोघांचे ठसे एकाच दिवशी घ्यायचे असतात. पुढच्या वेळी दोघंही या. आणि येताना नोकरीचं आणि राहत्या जागेचं ताजं पत्र आणा. ही जुनी झालेली असतील तोवर."

मिस्त्री आणि त्यांची बायको या देशात आल्याला बरीच वर्षं झाली होती. इतकी वर्षं दरसाल तात्पुरता परवाना वाढवून घ्यायचा, आणि तो वाढेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं. परवाना नाही वाढला तर काय, या भीतीने दोघांनी घरात साधं कपाट घेतलं नव्हतं. कपडे अजून बॅगांत होते. मिस्त्रींची त्याला फारशी हरकत नव्हती. पण बायकोने यंदा ठरवलं होतं. आधी कायमचा रहिवास, त्यानंतर नागरिकत्व. आणि तिने एकदा ठरवलं की ठरवलं.

बाहेर आल्यावर मिस्त्री आपली बोटं उलटसुलट करून बघत राहिले. चोरी न करता पकडला गेल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"अगं, म्हणजे मी आहे की नाही, हेच त्या मशीनला पटत नाही."

"पटेल," बायको म्हणाली. "महिन्याभरात तुमच्या बोटांना रेषा उगवल्या नाहीत, तर माझं नाव बदला."

घरी जाताना तिने औषधांच्या दुकानातून सगळ्यात दाट क्रीम आणि पांढरे सुती हातमोजे घेतले. त्या दिवसापासून मिस्त्रींच्या हातांना घरात पाहुण्याचा मान मिळाला. भांडी बंद. कपडे बंद. डब्यांची झाकणं बंद. म्हणजे झाकणं बंदच राहू लागली, कारण ती उघडायची मनाई झाली. कांदा सोलायला घेतला तर बायको स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडे, "हात!" मिस्त्री दचकून कांदा खाली ठेवत. मिस्त्रींच्या वाटणीचं सगळं काम आता बायकोच करी. चष्म्याच्या दुकानातली नोकरी आटोपून आली की भांडी घासायची, फरशी पुसायची, आणि वर मिस्त्रींची बोटं एकेक करून खिडकीच्या उजेडात तपासायची.

"अनामिकेला एक रेष आलीय," ती आनंदाने सांगे.

"ती सुरकुती आहे."

"रेष आहे म्हटलं ना!"

कामावरून रजा घ्यावी, तर ते शक्य नव्हतं. सगळा अर्जच मुळी 'कुशल फरशी कारागीर' या तीन शब्दांवर उभा होता. ठेकेदाराने 'हा माणूस माझ्याकडे कामावर आहे' असं लिहून द्यायचं, तर माणूस कामावर दिसायला हवा. म्हणून मिस्त्री पांढरे हातमोजे घालून कामावर गेले.

"हे काय? जादूचे प्रयोग सुरू केलेस की काय?" ठेकेदाराने विचारलं.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. ठेकेदार माणूस बरा होता. डोकं खाजवत तो म्हणाला, "ठीक आहे. महिनाभर तू फक्त दुसऱ्यांचं काम तपास. हात लावू नकोस, बोट दाखव."

मिस्त्री बोट दाखवू लागले. आणि इथेच घोटाळा झाला. काम चालू होतं ते घर एका मोठ्या वकीलबाईंचं होतं. त्यांनी पाहिलं, की पांढरे हातमोजे घातलेला एक गंभीर माणूस मागे हात बांधून खोल्याखोल्यांतून फिरतो, वाकतो, एका फरशीकडे नुसतं बोट करतो, आणि कारागीर निमूटपणे ती उखडून पुन्हा बसवतात. बाई भारावल्या. ठेकेदाराला म्हणाल्या, "तुमच्याकडे असा तज्ज्ञ आहे, हे बोलला नाहीत! माझ्या बहिणीच्या घराचं कामही तुम्हीच करा. पण हेच गृहस्थ हवेत. हातमोजेवाले."

ठेकेदाराने संध्याकाळी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "आजपासून तू सुपरवायझर. पत्रातही तसंच लिहितो."

मिस्त्री तरंगत घरी आले. बायकोने बातमी ऐकली आणि घासणी हातातच राहिली.

"सुपरवायझर? अर्जात काय लिहिलंय? फरशी कारागीर! आणि पत्रात आलं सुपरवायझर, तर ते विचारणार नाहीत का, की तुमचा कारागीर गेला कुठे?"

"अगं, बढती आहे ती."

"असू दे. आत्ता नकोय."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात उशिरा येते असं कळवून थेट ठेकेदारासमोर जाऊन उभी राहिली. "यांना वर चढवू नका," तिने बजावलं. "आहेत तिथेच राहू द्या."

ठेकेदार बघत राहिला. "ताई, नवऱ्याला बढती द्या म्हणून भांडणाऱ्या बायका पाहिल्यात मी. देऊ नका म्हणून भांडणारी तुम्ही पहिलीच."

"मिळू दे परवाना. मग हवं तर मालक करा त्यांना."

ठेकेदाराने हात जोडले आणि 'फरशी कारागीर' असं पत्र लिहून दिलं.

राहिलं घरमालकीण आजींचं पत्र. आजी खालच्या मजल्यावर राहत, आणि त्यांची स्मरणशक्ती, विशेषतः दुसऱ्यांनी दिलेल्या शब्दांबाबत, तल्लख होती.

"पत्र देते की," आजी म्हणाल्या. "पण माझ्या बाथरूमची भिंत नवी करून देतो म्हणाला होतास, त्याचं काय झालं? फरशा आणून ठेवल्यात, त्यांच्यावर कोळ्यांनी संसार थाटले."

"आजी, माझे हात बघा. यांना आराम..."

"तुझ्या हातांना आराम, आणि मी भिंतीवरून प्लास्टर पडताना अंघोळ करायची? आधी भिंत, मग पत्र."

मिस्त्री वर येऊन बसले. "संपलं. भिंत केली तर ठसे जातील. नाही केली तर पत्र जाईल."

बायको उठून उभी राहिली. मग तिने ओढणी कमरेला खोचली. "मला सांगा कसं करायचं ते. मी करते."

"तू? अगं, हे काय रांगोळी काढायचं काम आहे?"

"तुम्ही उपडी बादली घेऊन दारात बसा आणि सांगा."

शनिवारी सकाळी आजींच्या बाथरूमच्या दारात मिस्त्री उपड्या बादलीवर बसले, हातमोज्यांतले हात मांडीवर ठेवून. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला सांगताच येत नाही. इतकी वर्षं जे हात करत आले होते, ते तोंडाला कुठे ठाऊक होतं?

"सिमेंट जरा... असं घ्यायचं," ते म्हणाले.

"असं म्हणजे कसं?"

"म्हणजे सैल नाही, घट्ट नाही."

"मग कसं?"

मिस्त्रींनी डोळे मिटून विचार केला. "थापीवरून घसरायला हवं, पण पळायला नको."

बायकोने तसं केलं. पहिली फरशी लावली, ती तिरकी बसली. दुसरी खाली सरकून हातात आली. तिसरी बसली, पण मिस्त्री एवढे अस्वस्थ झाले की दोनदा बादलीवरून उठले. दोन्ही वेळा "हात!" असा आवाज आला आणि ते परत बसले. दुपारपर्यंत सबंध रांग लागली. बायकोने मागे सरकून ती पाहिली आणि स्वतःच म्हणाली, "डावीकडची दुसरी बाहेर आलीय." तिने ती खरवडून काढली. मिस्त्रींना मघाशीच ती दिसली होती, पण बिचारी दमली असेल म्हणून ते बोलले नव्हते. आता त्यांना जरा वेगळंच वाटायला लागलं. आपण इथे बसलोय आणि भिंत तिकडे आपल्याशिवाय उभी राहतेय.

फरशांमधले सांधे भरायची वेळ आली तेव्हा बायकोने रबरी हातमोजे मागितले.

"ते घालून सांधा कळत नाही," मिस्त्री ठामपणे म्हणाले. बोलणं आता त्यांना जमायला लागलं होतं. "उघड्या बोटाने दाबत जायचं. बोटाला कळतं कुठे पोकळ राहिलंय ते."

बायकोने उघड्या बोटाने दाबत भिंतभर सांधे भरले. रविवारी पुन्हा भरले. मग दगडाने कडा घासल्या, तारेच्या घासणीने डाग काढले. सोमवारी आजी चष्मा लावून आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "तू करतोस त्यापेक्षा बरं झालंय." पत्र त्यांनी तिथेच उभ्याउभ्या लिहून दिलं. एवढंच नाही, तर पुढचे दोन शनिवार-रविवार उरलेल्या तीन भिंतीही करून घेतल्या. एक भिंत नवी आणि तीन जुन्या म्हणजे वाईट दिसतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बायकोचंही तेच म्हणणं होतं.

ठरलेल्या दिवशी दोघं त्याच खिडकीसमोर उभी राहिली. मिस्त्रींनी हातमोजे काढले. आतून निघालेले हात मऊ, गोरे आणि परके होते. त्यांनी देवाचं नाव घेऊन अंगठा काचेवर ठेवला. हिरवा दिवा लागला. तर्जनी, हिरवा. करंगळी, हिरवा. पडद्यावर रेषा अशा उमटल्या, की ठसेवाली बाई म्हणाली, "वा! पुस्तकात छापावेत असे आलेत."

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"तसे नसते उमटले तरी चाललं असतं म्हणा," बाई टाइप करता करता म्हणाली. "दोन्ही वेळा साफ कोरे आले, की 'ठसे घेता येत नाहीत' असा शेरा मारून आम्ही अर्ज पुढे पाठवतोच."

मिस्त्रींच्या पाठीवरचा बायकोचा हात तिथेच थांबला.

"हे आधी का नाही सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"आधी सांगितलं तर बोटांना आराम देणार कोण? या, तुमचा हात ठेवा."

बायकोने अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. तिने तो पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला आणि पुन्हा ठेवला. लाल. मग एकेक करून उरलेली नऊ बोटंही ठेवून झाली. मिस्त्री तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. पडद्यावर दहाच्या दहा राखाडी डाग एका ओळीत बसले होते, अगदी पाणसळ लावून बसवलेल्या फरशांसारखे.

"तुम्ही तर चष्म्याच्या दुकानात असता ना?" बाईने कागद चाळत विचारलं.

बायकोने हात ओढणीखाली घेतले. मिस्त्रीच चाचरत म्हणाले, "सध्या... थोडं बाथरूमचं काम..."

"मग पुढच्या महिन्यात या. दोघंही."

"माझे तर झाले की!" मिस्त्री म्हणाले.

"एकाच दिवशी घ्यायचे असतात. तुमचे परत द्यावे लागतील. असेच जपून आणा."

बाहेरच्या पायऱ्यांवर आल्यावर मिस्त्रींनी मोठ्या मनाने बायकोचे हात हातात घेतले. ते खरखरीत झाले होते. लग्नात मिस्त्रींचे होते तसे. "आता मात्र तू बसायचंस," ते म्हणाले. "भांडी मी, कपडे मी. बोटाला पाणी लागू द्यायचं नाही."

"बसू?" बायको थांबली. तिचा हा चेहरा मिस्त्रींना ओळखीचा होता. ठरवताना तो असाच होई. "आणि महिन्याभरात अर्धवट रेषा आल्या म्हणजे? ना धड ठसा, ना धड कोरा. मग ती बाई शेराही मारणार नाही आणि ठसेही घेणार नाही. परत पुढची तारीख. छे! माझी बोटं कोरीच राहिली पाहिजेत."

"म्हणजे?"

तिने फोन काढून कानाला लावला होता. "आजी, तुमच्या शेजारणीला स्वयंपाकघराची भिंत करायची होती ना? हो, मीच. नाही, ते नाहीत, त्यांना बोटं जपायचीत. शनिवारी येते."

मिस्त्रींना महिनाभर ज्याची आठवण येत होती, ती थापी, तो ओला वास, फरशी बसताना होणारा तो बारीक आवाज, सगळं आता आणखी एक महिना लांब गेलं. ते दीनवाणे होऊन म्हणाले, "ठीक आहे. एकच महिना ना. त्यानंतर तरी मी..."

"त्यानंतर कसं?" फोन पर्समध्ये टाकत बायको पायऱ्या उतरू लागली. "नागरिकत्वाच्या वेळी परत ठसे लागतात. मी मघाशीच आत विचारून घेतलं."

"ते कधी?"

"काही वर्षं आहेत अजून," ती म्हणाली. "चला, ऊन लागतंय. हात खिशात घाला."