व्हरांड्यातून नागपूर

समोरच्या घरातले कापगते काका सायकलवर असताना वळण आलं की हात दाखवतात. यात नवल काही नाही. पण सायकल त्यांच्या व्हरांड्यात, स्टँडवर उभी असते. मागचं चाक हवेत गरगरतं, पुढचं ढिम्म हलत नाही आणि काका डावा हात लांब करून कुंड्यांकडे वळतात. डोक्यावर प्लांटचं पिवळं हेल्मेट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, लॉकडाऊनमध्ये यांचं डोकं फिरलं.

पण हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं होतं मीच. आमच्या रिसालीतल्या कॉलनीची दरवर्षी सायकल रॅली निघते, नेहरू नगरपर्यंत आणि परत. शेवटी पोहे. त्या वर्षी सगळंच बंद. मग कुणीतरी म्हणालं, व्हर्च्युअल करू. ज्याने त्याने आपापल्या घरी तीन आठवडे सायकल चालवायची, रोजचे किलोमीटर फॉर्ममध्ये भरायचे, आणि जितके किलोमीटर तितके जेवणाचे डबे हायवेवरून पायी घरी निघालेल्या मजुरांना पोचवायचे. डबे देणारेही मिळाले. फॉर्मचं काम माझ्या गळ्यात पडलं.

काकांना हे समजावताना माझा घाम निघणार असं धरूनच मी गेलो होतो.

"म्हंजे सायकल जागेवर, पन आपुन पुढं. बरोबर?" काका म्हणाले. "मंग मिलमधी दुसरं काय होते? रोल जागेवरच फिरते, रूळ पुढं जाते."

जन्म स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवण्यात गेलेला माणूस. मलाच नीट न कळलेली गोष्ट त्यांना एका वाक्यात कळली, आणि तिथून पुढे मला काही कळेनासं झालं.

फोनमधलं अ‍ॅप त्यांना रोज शून्य किलोमीटर दाखवायचं, कारण फोन जागचा हलतच नव्हता. काकांनी मागच्या चाकाला जुना मीटर बसवला आणि त्याचा फोटो मला पाठवू लागले. फॉर्ममध्ये 'कुठून' आणि 'कुठपर्यंत' असे दोन रकाने होते. बाकी लोक दोन्हीकडे 'घर' लिहीत. काकांनी लिहिलं, रिसाली ते नागपूर.

"नागपूर कावून, काका?"

"कुठीतरी जायाच लागते ना बाबू."

नागपूरला काकू होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस म्हणून गेल्या आणि तिथेच अडकल्या. त्याला दोन महिने होऊन गेले होते. काकांकडे विषय काढला की म्हणायचे, "बरं झालं. घरात शांती हाय. पाय पुसा म्हनून कोनी मांगं लागत नाही." आणि दारात थांबून दोन्ही पाय स्वच्छ पुसायचे.

रोज सकाळी बातमी यायची. आज राजनांदगाव. आज चिचोला. मग एक दिवस फोन आला.

"बाबू, बॉर्डर आली. पास पाठव."

"कशाचा पास?"

"ई-पास. बिना पासचं महाराष्ट्रात कोनाले सोडून राहिले का?"

"काका, तुमी तं व्हरांड्यातच ना!"

"काल फॉर्ममधी मले चिचोल्याले तूच दाखवलं ना? आता म्हनतं व्हरांड्यात. एक काय ते सांग."

मी बराच विचार केला. त्यांच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते काही सापडेना. शेवटी कोऱ्या कागदावर 'श्री. कापगते, सायकल एक, जाण्यास हरकत नाही' असं लिहून खाली सही ठोकली आणि फोटो पाठवला. तोवर काका सीटवर बसून होते, पण पेडल मारलं नव्हतं. पास पोचल्यावरच चाक फिरलं.

देवरी झालं, साकोली झालं, भंडारा झालं. बाराव्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नागपूर गाठलं. मी ग्रुपवर अभिनंदन टाकलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी मीटरचा फोटो आला तो निम्म्याच किलोमीटरचा. तिसऱ्या दिवशीही तेच. रोजचे बावीस एकदम अकरावर आले. तो काळच असा होता की साधी शिंक ऐकली तरी लोक दार लावून घ्यायचे. मास्क लावून मी त्यांच्या फाटकाशी गेलो. काका अगदी संथ पेडल मारत होते. मागच्या कॅरिअरवर एक छोटी गादी घडी घालून सुतळीने बांधली होती.

"तब्येत बरी हाय ना काका? स्पीड कमी झाली."

"डबलसीट हाय," काका म्हणाले. "वापस येऊन राहिलो. मांगं तुझी काकू हाय."

मी गादीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. 

"येडा नाही झालो मी," ते म्हणाले. "ते नागपूरलेच हाय, मले मालूम हाय. पन एवढ्या दूर गेलो, तं एकटाच कावून वापस येऊ?"

तीन आठवडे संपले, डबे वाटून झाले, फॉर्म बंद केला, सगळ्यांना धन्यवाद लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी समोर चाक फिरतंच होतं. मी पुन्हा फाटकाशी गेलो.

"काका, राईड संपली काल."

"तुमची संपली." त्यांनी पेडल थांबवलं नाही. "आमी साकोलीत हाओत. तिले तिथी रस्त्यावर कशी सोडू?"

 मी घरी आलो आणि बंद केलेला फॉर्म त्यांच्या एकट्यासाठी पुन्हा उघडला.