सदू गवंड्याची बद्द दाढ

"काशी, हातातला ठेव नि इकडे ये. ऐक जरा."

एवढं बोलून सदू गवंड्याने आ वासला, चमच्याचा दांडा तोंडात घातला आणि खालच्या उजव्या दाढेवर टकटक केलं. मग तसंच डाव्या दाढेवर.

"फरक कळला?"

काशी चुलीपुढून उठलीसुद्धा नव्हती. "कसला फरक? मला दोन्ही सारखेच."

"अगो, ही डावी कशी खणखणीत वाजते! नि ही बद्द. आत पोकळ झालाय कायतरी."

"पोकळ तुमचा डोका झालाय. सकाळपासून इसाव्यांदा वाजवताव!"

ही दाढ मंगळवारी सावर्ड्याच्या वैष्णवी डॉक्टरांनी उघडली होती. नस काढली, दाढ भरून दिली आणि सांगितलं, "दोन-तीन दिवस दुखेल काका, घाबरू नका. गोळ्या वेळेवर घ्या." आज शुक्रवार. दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतच चाललेलं. आणि सदू काय साधा माणूस नव्हे. तीस वर्षं जांभ्या दगडात काढलेली. हातोडीचा दांडा मारून बघितल्याशिवाय त्याने एक चिरा भिंतीत बसवला नाही. पक्का चिरा खणखणतो, कच्चा बद्द बोलतो. खाणवाल्यांची त्याच्यापुढे लबाडी चालायची नाही. तो कान आपल्याच तोंडाबद्दल खोटं सांगेल, हे सदूला पटणार कसं?

त्यात मुंबईहून मेव्हण्याचा, विनीतचा, फोन आला.

"भावोजी, दाढेची नस सरळ मेंदूला जाते हां. पू वर चढला तर..."

"तर काय?"

"तर काय नाय. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

फोन ठेवला आणि सदूने तेवढंच घेतलं. जेवणाचं ताट परत गेलं. पडवीत बसून तो मिनटामिनटाला दाढ वाजवायचा, आवाज ऐकायचा, कळ आली की डोळे मिटायचा. पू आता गालापर्यंत आला असेल, आता कानापर्यंत, असा हिशोब मनात चाललेला. मध्येच म्हणाला, "काशी, मी गेल्यावर मागच्या भिंतीचा गिलावा दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ नको. हाशिमला विचार, तो चांगला माणूस देईल."

"मी गेल्यावर म्हणे! आधी भात खावा नि मग जावा."

तेवढ्यात हाशिमच आला. चिऱ्याचा ट्रक चालवणारा, सदूचा जुना दोस्त. "सदूभाय, पाटलांचा कंपाउंड अर्धा रव्हलाय. तिथे लोक वाट बघताहेत नि तू इथे चमचा चोखत काय बसलायस?"

सदूने सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "हाशिम, आ कर."

"मी? मी कशाला?"

"एकच चिरा वाजवून काय कळतं? चार वाजवले तर फरक कळतो."

"या अल्ला! चमचा तरी धू पहिला."

चमचा धुतला. हाशिमची दाढ देवळातल्या घंटेसारखी वाजली. सदूचं तोंड उतरलं. म्हणजे आपलीच बिघडलेली! तरी खात्री हवी म्हणून त्याने रस्त्यावरून टमटम घेऊन चाललेल्या रितेशला हाक मारली. रितेशची डावी दाढ वाजवली आणि सदू थांबला. परत वाजवली.

"रितेश, तुझी पण गेली रे."

"काय बोलताव काका? मला दुखत पण नाय!"

"पोकळ भिंत पडायच्या आधी दुखते काय?"

रितेश पांढराफटक पडला. त्याने ही गोष्ट वाडीत नेली. दुपारपर्यंत सदूच्या पडवीत रांग. सदू काय फुलासारखा वाजवत नव्हता, हात गवंड्याचा. संध्याकाळी एकेकाचे निरोप यायला लागले. कोणाला चावताना कळ, कोणाचा जबडा ठणकतोय. अगदी हाशिमचीसुद्धा घंटा दुखायला लागली.

ते ऐकून सदू मटकन खाली बसला. "लागण झाली! माझ्या तोंडातून सगळ्यांना गेली. काशी, मी एकटा जात नाय गो, वाडी घेऊन जातंय!"

 आता काशीनेही गपचूप आरशासमोर जाऊन आपली दाढ दाबून बघितली.

शनिवारी सकाळी रितेशच्या टमटममधून दहा माणसं सावर्ड्याला उतरली. सगळ्यांचे हात गालावर. वैष्णवी डॉक्टर दारातच थबकल्या. "काका, लग्नाला निघालात का सगळे?"

"माझा काय ते लवकर सांगा बाई. मेंदूपर्यंत गेला काय?"

डॉक्टरांनी सदूला खुर्चीत बसवलं, हातातल्या छोट्या आरशाचा दांडा उलटा धरला आणि दाढेवर टक केलं. सदू खुर्चीतून उडाला.

"हे तर मी पण करतंय!"

"तुम्ही पण? किती वेळा?"

सदू छताकडे बघायला लागला. दारातून काशी म्हणाली, "चार दिवसांत हजार झाले असतील बाई. नि गोळ्या तशाच हायत. म्हणतात, गोळीने आवाज बदलेल."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. फोटो काढला. पू नाही, काही नाही. "काका, नस काढल्यावर मुळाशी सूज असते. ती बसायच्या आत तुम्ही दिवसभर ठोकताय. दुखणार नाही तर काय? आणि बाहेरच्या सगळ्यांनासुद्धा तुम्हीच ठोकलंत. कसली लागण नि कसलं काय!"

बाहेरच्यांनी सदूकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली. एकेकाला तपासून डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. रितेशचा फोटो मात्र त्या दोनदा बघत राहिल्या. "ही खरंच आतून किडलीय. वरून काहीच दिसत नाही. काका, तुम्हाला कसं कळलं?"

सदूची छाती फुगली, आणि लगेच बसलीसुद्धा. "म्हणजे माझा कान खरा! मग माझी दाढ बद्द का वाजते?"

"अहो, ती मोकळी करून मी वरून सिमेंट भरलंय. तात्पुरतं."

"सिमेंट?"

"सिमेंट."

चार दिवसांत पहिल्यांदा सदूच्या तोंडावर रंग आला. "मग हे मंगळवारीच सांगायचं ना बाई! एवढा जीव टांगणीला लावलात!" डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, की गोळ्या घ्या, दाढेला हात लावू नका, गालाला सूज दिसली तर लगेच फोन करा. सदूने तीनदा मान हलवली. घरी येऊन दोनदा मागून भात खाल्ला, गोळी घेतली आणि कधी नव्हे तो गाढ झोपला.

रविवारी सकाळी काशी अंगण झाडून आत आली, तर सदू पडवीत ताठ बसलेला. उजवा गाल लिंबाएवढा टम्म फुगलेला. डोळे समोर लावलेले.

"अगो बाय! काय झाला हो? दुखते?"

सदूने मान हलवली, नाही.

"मग बोलत का नाय? जीभ अडकली?"

सदूने सात बोटं दाखवली.

"सात? सात काय? अवो, सात दिवस रव्हले असा सांगताव काय?" काशीच्या हातातली केरसुणी गळाली. तिने डॉक्टरांना फोन लावला. "बाई, गाल सुजला! वाचा गेली! नुसती बोटं दाखवतात!"

"काकांना फोन द्या लगेच. काका, काय होतंय?"

काशीने फोन सदूच्या कानाला लावला. डॉक्टर ओरडत होत्या, काशी रडत होती, कुंपणावरून हाशिम हाका मारत होता. सदूला सगळं कळत होतं. पण नव्या सिमेंटला सात दिवस पाणी मारावं लागतं, हे तोंडात पाणी धरून सांगायचं कसं? त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आजच्या पहिल्या पाण्याची अजून चार मिनिटं बाकी होती. त्याने एक बोट वर केलं, आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं.