हरकत नसलेली ज्वारी

ज्या सरकारला आपल्या नोकरांचा भरवसा वाटत नाही ते तपासनीस नेमतं, आणि ज्याला तपासनिसाचाही भरवसा वाटत नाही ते कायदा करतं. कायदा झाला की मग सरकारला शांत झोप लागते.

दस्तगीर हे धान्याच्या सरकारी गोदामांचे तपासनीस होते. लढाईचे दिवस. शेतकऱ्यांकडून लेव्हीची ज्वारी घ्यायची, गोदामात ठेवायची आणि गरजूंना मापून द्यायची, असा बंदोबस्त होता. (यातल्या 'ठेवायची' या शब्दावर बऱ्याच जणांची घरं दुमजली झाली.) दस्तगीर जे दिसेल ते लिहीत आणि पाकिटाला लाख लावून परभणीच्या कचेरीला धाडत. तिथं ती पाकिटं इतकी जपून ठेवली जात, की आजवर एकाचीही लाख फुटली नव्हती.

मग कानून आला. तपासणीचा अहवाल यापुढं खुला. भर गावात वाचायचा, झाकून काही ठेवायचं नाही. दस्तगीरांनी ही बातमी घरात सांगितली तेव्हा त्यांची बायको गौसिया तांदूळ निवडत होती. "चलो, अब तो कोई सुनेगा जी तुमारा लिखा," ती म्हणाली. त्या दिवशी दस्तगीर चार घास जास्त जेवले.

कानून मोठ्या विचारानं केलेला होता. चोरून केलेल्या तपासणीला खुली कसं म्हणावं? म्हणून दवंडी आठवडाभर आधी पिटायची. खुलेपणापायी कुणाचं मन दुखावू नये, म्हणून ज्या शब्दाला हरकत येईल तो सगळ्यांच्या संमतीनं बदलायचा. आणि जो तपासनीस अशा अहवालावर सही करणार नाही, त्याचीच तपासणी लावायची. दस्तगीरांनी हे सगळं वाचलं होतं. पण आनंदात वाचलं होतं.

पहिली दवंडी जवळा बाजारला झाली. गोदामाचे कारभारी व्यंकटराव. त्यांनी आठवड्यात भिंतींना चुना दिला, दाराला आंब्याचं तोरण बांधलं आणि वरच्या थरात आपल्या घरच्या ज्वारीची पोती रचली. (गोदाम इतकं झाडलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. कायद्याचं हे पहिलं यश.) दस्तगीर आले, त्यांनी वरची पोती बाजूला करवली आणि तळच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसली. नळीतून काळी, बुरशीनं चिकटलेली ढेकळं बाहेर आली. व्यंकटरावांनी वाकून पाहिलं आणि चहा मागवला.

दस्तगीरांनी लिहिलं, 'तळची ज्वारी कुजली आहे. माणसांना खायला देऊ नये.'

बाजारच्या दिवशी चावडीपुढं गाव जमलं. दस्तगीरांनी घसा साफ करून मोठ्यानं वाचलं. इतक्या वर्षांत आपलं लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच माणसांच्या कानांवर पडताना पाहिलं.

व्यंकटराव हात जोडून उठले. "साहेब, 'कुजली' हा शब्द मनाला लई लागतो. माझी हरकत हाये."

'कुजली'चं 'भिजली' झालं. भिजली तर छप्पर गळतं असा अर्थ निघतो, म्हणून 'ओल धरली' झालं. ओल धरली तर धरू कुणी दिली, हा प्रश्न येतो. शेवटी 'हवामानाशी समरस झाली' यावर एकमत झालं.

आता दुसरं वाक्य. दस्तगीरांना वाटलं, ते तरी टिकेल. तोच गोदामात ज्वारी मोजणारा संतराम उभा राहिला.

"माणसांना देऊ नये म्हंता. मग दोन महिने झाले आमी तीच खाऊन राहिलो. आमी कोन, जनावरं?"

गाव खवळलं. आसपासच्या आखाडा बाळापुरात, हट्ट्यात हे कळलं तर जवळ्याची काय अब्रू राहील? "काढा ते वाक्य! काढा!" म्हणून गलका झाला.

त्यात भिकाबाई उठली. तिच्या सुनेनं मागून लुगडं ओढलं तरी ती बसली नाही. "त्या भाकरीनं माझी नात वकून वकून निपचित पडली व्हती. ते लिवा, साहेब."

दस्तगीरांनी टाक दौतीत बुडवला.

"जरूर लिवा," व्यंकटराव मायेनं म्हणाले. "नाव बराबर घाला पोरीचं. खुला कागद हाये, चावडीवर लागंल. उद्या सोयरीक घेऊन येनारे वाचतील, पोरगी पोटाची नाजूक हाये म्हून. काहून न्हाई लिवायचं?"

भिकाबाई उभीच राहिली. तिनं सुनेकडं पाहिलं, दस्तगीरांकडं पाहिलं. मग खाली बसली.

टाकावरची शाई वाळेपर्यंत दस्तगीर तिच्याकडं बघत राहिले. ती काही बोलली असती तर त्यांनी लिहिलं असतं, असं त्यांनी पुढं गौसियाला सांगितलं. गौसिया तांदूळ निवडत राहिली. सही मात्र त्यांनी तिथंच केली: 'ज्वारी हवामानाशी समरस झाली असून गावाची तक्रार नाही.' त्याच संध्याकाळी ती ज्वारी गावात वाटली गेली. भिकाबाईनंही आपला वाटा ओच्यात घेतला. दुसरी ज्वारी कुठं होती?

सरकार खूश झालं. जवळ्याच्या धर्तीवर सगळीकडं अहवाल वाचले जावेत, असा हुकूम निघाला. हरकती ऐकण्यात फार वेळ जातो, एवढी एकच अडचण वरिष्ठांना दिसली होती, म्हणून त्याला एक पुरवणी जोडली: जो इसम मजकूर शेवटपर्यंत ऐकेल अथवा वाचेल आणि काही न बोलता उठून जाईल, त्याची सही झाली असं समजावं.

ही पुरवणी रद्द झाल्याचं कुठं आढळत नाही. तेव्हा वाचकहो, आपली सही मिळाली. आभारी आहोत.