बेडकांचे केस आणि साडेअकरा मिनिटांचे आभार

एका जंगलात एक टिटवी राहत होती. आता जंगल म्हटलं की तुम्हाला सिंह हवा असतो, मला माहीत आहे. सिंह होता. पण तो फक्त उद्घाटनापुरता यायचा. गोष्ट टिटवीचीच आहे, तेव्हा गडबड न करता ऐका.

टिटवीचं नाव साळू. ती ‘वनवार्ता’ नावाच्या पत्रात विज्ञानाच्या बातम्या लिहायची. तिच्या बातम्या नेहमी खऱ्या निघायच्या. त्यामुळे तिला कुणी चहाला बोलवत नसे. टिटवी ओरडली की अपशकुन होतो, असं तुमच्या-आमच्याकडे म्हणतात ना, तसंच त्या जंगलातही म्हणायचे. ती पाण्याबद्दल ओरडली काय आणि हवेबद्दल ओरडली काय, लोक आधी खिडक्या लावून घ्यायचे.

साळू तळ्याकाठी राहायची. तळ्यात डरांवतात्या नावाचे एक म्हातारे बेडूक होते. साळू अंड्यात होती तेव्हापासून ते तिचे शेजारी. एके दिवशी सकाळी तात्यांना मिशी आली.

हसू नका. तात्यांना फार आनंद झाला. बेडकांच्या सात पिढ्यांत कुणाला मिशी आली नव्हती. दिवसभर ते पाण्यात स्वतःचा चेहरा बघत बसले. दुसऱ्या दिवशी पाठीवर केस आले. तिसऱ्या दिवशी पोटावर. आठवडाभरात ते पाण्यात पडलेल्या टोपीसारखे दिसू लागले आणि त्यांना दम लागायला लागला. पूर्वी एका दमात ‘डरांव’ म्हणायचे. आता ‘डरां’ म्हणून थांबायचे, जरा टेकायचे आणि मग ‘व’ म्हणायचे.

“साळू,” तात्या म्हणाले, “मिशी... राहू दे. बाकीचं... काय आहे ते... बघ बाई.”

साळूनं बघितलं. तिची बघायची पद्धत साधी होती. ती चालत गेली. तळ्याच्या वरच्या अंगाला अस्वलशेठचा तेलाचा घाणा होता. तिथे ‘अस्वल केशामृत’ नावाचं केस वाढवायचं तेल निघायचं. घाण्यातलं उरलेलं पाणी त्या वर्षीपासून एका ओहोळातून वाहायचं आणि खाली नदीला मिळून तळ्यात उतरायचं. साळूनं तीन महिने नदीकाठचे बेडूक तपासले. ओहोळाच्या वर सगळे गुळगुळीत. ओहोळाच्या खाली सगळे केसाळ. एवढंच.

आणि तुम्ही शाळेत शिकला असाल, बेडूक कातडीनंसुद्धा श्वास घेतो. कातडीवर केसांचं रान माजलं की त्याचा जीव गुदमरतो. तळ्यात त्या वेळी बेडकांची अंडी होती. महिनाभरात ती फुटणार होती. तोवर ओहोळ बंद झाला नाही, तर तळ्यातला एकही बेडूक उरणार नव्हता. हे कळल्यावर साळू थांबली नाही.

ती सिंहाकडे गेली. सिंह म्हणाला, “परदेशात कुठे छापून आलंय का?”

“नाही महाराज.”

“मग आत्ताच कसं खरं असेल?”

सिंहाचा हा स्वभावच होता. जंगलातलं कुणी ओरडलं तर तो कूस बदलायचा. परदेशी पत्रात दोन ओळी आल्या की ताडकन उठून बसायचा.

साळूचं नशीब असं की त्याच महिन्यात त्या जंगलात मोठी परिषद भरणार होती. आंतरराष्ट्रीय विज्ञान वार्ताहर परिषद. दक्षिण ध्रुवाचे पेंग्विन येणार होते, वाळवंटातले उंट येणार होते, एक शहामृग तर दोन दिवस आधीच येऊन बसला होता. परिषदेचं घोषवाक्य होतं, ‘निर्भीड विज्ञान, निर्मळ पाणी’. सगळ्यांसमोर तात्यांना उभं करायचं, सगळं सांगायचं. परदेशी पत्रांत छापून येईल, सिंह उठून बसेल, ओहोळ बंद होईल. साळूनं लगेच नाव नोंदवलं.

परिषदेचे संयोजक होते खवलेमांजर सर. विद्वान गृहस्थ. फक्त कुणी प्रश्न विचारला की त्यांच्या अंगाचं वेटोळं व्हायचं आणि पुढचं सगळं ते आतून बोलायचे.

साळू त्यांच्या मांडवात गेली. मांडवावर भलामोठा फलक होता. सर्वांत वर, हत्तीलाही वाचता येईल अशा अक्षरांत, ‘मुख्य प्रायोजक : अस्वल केशामृत’. त्याखाली ‘जेवण : लांडगा मेंढी कल्याण प्रतिष्ठान’. त्याखाली ‘व्यासपीठ : वाळवी लाकूड संरक्षण संस्था’. व्यासपीठापाशी एक चिठ्ठीही होती, की यावर एका वेळी एकानेच उभं राहावं आणि पाय आपटू नयेत.

“टिटवीबाई, तुमच्या विषयाचं नाव जरा बदललंय,” सर म्हणाले. “तुम्ही ‘बेडकांना केस का येतात?’ असं दिलं होतं. आम्ही ‘केस : एक आनंददायी प्रवास’ असं केलंय. प्रायोजकांना प्रश्नचिन्ह आवडत नाही.”

साळूनं राग गिळला. “सर, मला बोलायला वेळ किती?”

सरांचं वेटोळं झालं. आतून आवाज आला, “बारा मिनिटं.”

“आणि प्रायोजकांचे आभार कुणी मानायचे?”

“प्रत्येक वक्त्यानं. त्या बारा मिनिटांतच. त्याला साडेअकरा मिनिटं लागतात.”

“म्हणजे भाषणाला अर्धं मिनिट?”

वेटोळं आणखी घट्ट झालं. “भाषण कापता येतं हो. आभार कापता येत नाहीत. करारात आहे. आभार चालू असताना वक्त्याला थांबवता येत नाही, तेही करारात आहे. आणि जे वार्ताहर प्रायोजकांचं जेवण जेवतील, त्यांनी आभार आपल्या पत्रात पहिल्या पानावर शब्दन् शब्द छापायचे आहेत. सगळेच जेवणार आहेत.”

साळू मान खाली घालून निघाली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“सर, आभाराचे शब्द कोणते वापरायचे?”

“ते तुमचे तुम्ही ठरवा,” वेटोळं म्हणालं. “मनापासून वाटले पाहिजेत. फक्त प्रत्येक वाक्यात प्रायोजकाचं नाव आलं पाहिजे.”

साळू त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होती. टिटवीला शीळ घालता येत नाही, पण प्रयत्न करत होती.

परिषदेच्या दिवशी मांडव गच्च भरला. प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. पिशवीत तेलाची बाटली आणि एक कंगवा. पेंग्विननं कंगवा बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला आणि शेवटी त्यानं पाठ खाजवली.

सिंह आला, फीत कापली, गेला.

अस्वलशेठ पहिल्या रांगेत झोपाळ्यावर बसले होते. त्यांना विज्ञान कळत नव्हतं आणि कळत नाही याची लाजही नव्हती. ते फक्त आपलं नाव कितीदा घेतलं जातं ते बोटांवर मोजायचे. शहामृगानं नऊ वेळा घेतलं. “नऊ,” शेठ म्हणाले. “बरा आहे.” उंटानं सहादा घेतलं. त्याला दुपारच्या जेवणात भात कमी वाढला गेला.

मग साळूचं नाव पुकारलं गेलं. ती करवंटीत पाणी घालून, त्यात तात्यांना बसवून व्यासपीठावर आली. एका वेळी एकानेच उभं राहायचं होतं, पण तात्या बसलेले होते, म्हणून चाललं.

“सर्वप्रथम आभार,” साळू म्हणाली.

हे शब्द ऐकताच सगळ्या मांडवानं मान टाकली. आभार म्हणजे डुलकीची वेळ, हे जगभरच्या वार्ताहरांना पाठ असतं. पेंग्विन तर उभ्याउभ्याच झोपला.

“आमच्या तळ्यातल्या बेडकांना केस आले, याचं सगळं श्रेय अस्वल केशामृत यांचं आहे,” साळू म्हणाली. “अस्वल केशामृत यांच्या घाण्यातलं पाणी ओहोळातून थेट तळ्यात येतं, उन्हाळा नाही, पावसाळा नाही. ओहोळाच्या वरचे बेडूक बिचारे गुळगुळीत राहिले, कारण तिथे अस्वल केशामृत पोहोचलंच नाही. खालचे सगळे केसाळ आहेत, हे अस्वल केशामृत यांचं काम.”

“चार,” शेठ म्हणाले. ते झोपाळ्यावर सावरून बसले.

खवलेमांजर सर उठू लागले. मग त्यांना करार आठवला आणि ते उठता उठताच वेटोळं झाले.

“बेडूक कातडीनं श्वास घेतो आणि तो श्वास बंद पाडण्याचं काम अस्वल केशामृत यांनी एकहाती केलं. गेल्या महिन्यात आमच्या तळ्यातले एकशेचाळीस बेडूक अस्वल केशामृत यांच्या सौजन्यानं वारले. हे डरांवतात्या, यांना एका दमात ‘डरांव’ म्हणता येत नाही, याबद्दल अस्वल केशामृत यांचे आभार कसे मानावेत, मला कळत नाही. पंधरा दिवसांत अंडी फुटतील, त्या पिल्लांना अस्वल केशामृत यांचा हात लागू नये, म्हणून ओहोळ बंद करावा, एवढीच माझी अस्वल केशामृत यांच्या चरणी विनंती आहे.”

करवंटीतून तात्या म्हणाले, “डरां...” मांडव वाट पाहत राहिला असता, पण मांडव झोपला होता. “...व,” तात्या म्हणाले.

साडेअकरा मिनिटं ती बोलली. शेठची बोटं संपली, मग त्यांनी शेजारच्या लांडग्याची बोटं घेतली, तीही संपली. शेठनी डोळे पुसले. “पोरीला वळण आहे,” ते म्हणाले. “नावानं आभार मानते.”

उरलेल्या अर्ध्या मिनिटात साळू काहीच बोलली नाही. सगळ्यांनी जागं होऊन टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या दणक्यानं व्यासपीठ मोडलं आणि सरांचं वेटोळं गडगडत जेवणाच्या मांडवापर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या पत्रांत, पहिल्या पानावर, साळूचे आभार शब्दन् शब्द छापून आले. साळूनं तळ्याकाठी बसून एकेक अंक तात्यांना वाचून दाखवला. सिंहसुद्धा ताडकन उठून बसला, असं तिच्या कानावर आलं. पण काय करायचं ते न सुचल्यानं तो परत आडवा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाण्याच्या दिशेनं मोठा गोंगाट ऐकू आला. साळूनं उंच उडून पाहिलं. वाटेवर शेकडो प्राणी चालत होते. पुढे गिधाड होतं, मागे हत्ती, त्यामागे परदेशी कासवं.

“तात्या,” ती ओरडली, “मोर्चा आला. आपल्यासाठी मोर्चा आला.”

ती उडत घाण्याच्या दाराशी पोहोचली. अस्वलशेठ दारात आले. गिधाडानं आपली तुळतुळीत मान पुढे केली आणि छापील आभार शेठच्या नाकासमोर धरले.

“हे खरं आहे का?” गिधाड गरजलं.

साळू पुढे सरकली.

“बेडकाला केस येतात, तर मला का नाही?” गिधाड म्हणालं. “आम्हाला ते बाटलीतलं तेल नको. बारा वर्षं लावतोय, एक केस आला नाही. आम्हाला ओहोळाचं पाणी हवं.”

शेठनी ते छापील आभार दोनदा वाचून घेतले. मग ते मटकन खाली बसले. “म्हणजे इतके महिने,” ते हुंदके देत म्हणाले, “मी हे बेडकांना फुकट देत होतो?”

शेठना इतकं दुःख झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकशेचाळीस बेडकांचं ऐकून त्यांना असं झालं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे जंगलातल्या सगळ्या कुंभारमाशा बोलावल्या आणि दुपारच्या आत ओहोळ चिखलानं लिंपून घेतला. थेंबसुद्धा खाली जाऊ नये म्हणून वर दोन पहारेकरी बसवले. संध्याकाळपासून ‘अस्वल ओहोळामृत’ बाटलीत भरायला सुरुवात झाली. गिधाडाला केस आले. हत्तीलाही आले, पण एकाच कानात.

ओहोळ बंद झाल्यापासून बाराव्या दिवशी तळ्यातली अंडी फुटली. गुळगुळीत, काळीभोर, वळवळणारी पिल्लं पाणीभर झाली. साळू त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला रडू फुटलं.

साळूला त्या वर्षीचा उत्कृष्ट आभारप्रदर्शनाचा पुरस्कार मिळाला. तिनं लिहिलेलं एक अक्षरही कुणी खोटं म्हटलं नाही. खरं आहे, असंही कुणी म्हटलं नाही.

तात्यांचे केस हळूहळू गळाले. शेवटी मिशीही गेली. त्या दिवशी त्यांनी दगडावर बसून छाती भरून श्वास घेतला आणि एका दमात म्हणाले, “डरांव.”

मग पाण्यात स्वतःचा चेहरा बघितला.

“साळू,” ते म्हणाले, “त्या पहारेकऱ्यांत कुणी ओळखीचं आहे का गं? अगदी दोन थेंब. मिशीपुरते.”

तात्पर्य : अस्वल केशामृत, अस्वल ओहोळामृत, लांडगा मेंढी कल्याण प्रतिष्ठान आणि वाळवी लाकूड संरक्षण संस्था यांचे मनःपूर्वक आभार. उरलेल्या जागेत एवढंच सांगतो, मुलांनो : आपलं खरं कुणी ऐकत नाही म्हणून रडत बसू नये. ते बाटलीत भरता येतं का, एवढं बघावं.