ना हसू, ना आसू

नाशिकमधला सर्वांत कंटाळवाणा माणूस इंदिरानगरात आमच्या शेजारी राहायचा, आणि त्याला त्याचा रास्त अभिमान होता.

गायधनी काका डोळ्यांच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेत होते. काम काय, तर लहान मुलांच्या डोळ्यांतलं पाणी गोळा करायचं. उन्हाळा लागला की काही मुलांचे डोळे ॲलर्जीने लालबुंद होतात, चिकट तार सुटते, पोरं डोळे चोळून चोळून हैराण होतात. आतली सूज कितपत आहे ते सांगणारी द्रव्यं म्हणे डोळ्यांतल्या पाण्यात उतरतात. तिथल्या डॉक्टरीणबाई त्यांचाच अभ्यास करत होत्या. काका अगदी बारीक काचेची नळी मुलाच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी टेकवायचे आणि पाणी आपोआप तिच्यात चढायचं.

"यात काय अवघड?" मी एकदा विचारलं. "लहान मुलं रडतातच की."

"अहो ताई, रडलं की सगळा घोटाळा! आमटीत तांब्याभर पाणी ओतलं तर मीठ कळेल का?"

"मग हसवा."

"हसून हसूनही पाणी येतं, शिवाय मान हलते. ना हसू, ना आसू. पोराला नुसता कंटाळा आणायचा. बाकी काही विशेष नाही."

'काही विशेष नाही' हे त्यांचं पालुपद. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पेढे देतानासुद्धा ते हेच म्हणाले होते.

तर कंटाळा आणण्यासाठी त्यांनी एक गोष्ट रचली होती. "एक होता माणूस. तो सकाळी उठला. त्याने दात घासले. पेस्ट संपत आली होती, पण संपली नव्हती. मग तो बसस्टॉपवर गेला. बस आली. जागा होती. तो बसला." वाटेत वाघ नाही, राक्षस नाही, बस पंक्चरसुद्धा व्हायची नाही. माणूस सातपूरला कामावर जायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. बायको दार उघडायची, चहा ठेवायची. साखर नेहमीएवढीच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उठायचा. तोवर पोरं पुतळ्यासारखी बसलेली असायची आणि नळी भरलेली असायची.

ही विद्या घरच्या वापरातही होती. स्कूटर कुठे लावायची यावरून सोसायटीतले दोघं एकदा हातघाईवर आले. काका मध्ये पडले आणि आपण आपल्या स्कूटरसाठी कुलूप कसं घेतलं ते सांगू लागले. पहिलं दुकान बंद होतं. दुसऱ्यात कुलूप होतं, पण मोठं होतं. तिसऱ्या दुकानापर्यंत एकजण जांभई देत जिना चढू लागला आणि दुसऱ्याला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

काकू मात्र अजब बाई. काका रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं सांगायचे आणि त्या मेथी निवडत ऐकायच्या. आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचं. "मग डबा उघडला." "मग?" "मग भाजी खाल्ली." "मग?" या बाईला सोन्याचं पदक द्यायला हवं, असं मी आमच्या ह्यांना म्हणायचे.

आमची मुक्ता तिसरीत गेली आणि तिलाही हाच डोळ्यांचा त्रास सुरू झाला. उजेड सोसेना, शाळेत फळा दिसेना. डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडचे थेंब दिले, पण बजावूनही ठेवलं. जास्त दिवस घातले तर डोळ्यालाच अपाय, आणि सूज असताना थांबवले तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझा जीव टांगणीला लागला होता. दोन वेळा तिच्या डोळ्यांतलं पाणी तपासून झालं. आता तिसऱ्यांदा तपासायचं आणि थेंब बंद करायचे का ते ठरवायचं, असं त्या म्हणाल्या.

नेमक्या त्याच सुमाराला काकू मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या, सहा महिन्यांसाठी. काका विमानतळावरून परत आले ते "काही विशेष नाही" म्हणतच. पण मी पाठवलेली भाजीची वाटी परत द्यायला यायचे आणि वाटी देऊन झाली तरी दारात उभेच राहायचे. सांगायला लागायचे, मग कुकरच्या शिट्टीने माझं लक्ष गेलं की "असू दे" म्हणून वळायचे.

तिसऱ्या तपासणीला मी मुक्तामागे उभी होते. काकांनी नळी टेकवली. माणूस उठला, दात घासले, बस आली, जागा मिळाली. नळी अर्धी भरली.

"मग तो घरी आला," काका म्हणाले. "आणि बायकोने..."

पुढचं येईना. चष्म्याआड त्यांचे डोळे भरून आले आणि मला नळीची धास्ती वाटली. आता हात हलला तर सगळंच पाण्यात.

मुक्ताला गोष्ट तोंडपाठ होती. मान न हलवता, ओठ जेमतेम हलवत, अगदी काकांच्याच सपाट सुरात ती म्हणाली, "बायकोने दार उघडलं नाही. ती मुलीकडे गेली होती. ती परत येणार होती. मग त्याने स्वतःच कुलूप उघडलं. स्वतःच चहा ठेवला. साखर जरा जास्त पडली. काही विशेष नाही."

काकांचा हात स्थिरावला. नळी भरली. पोरीच्या डोळ्यात जास्तीचा थेंब नव्हता. पदराने डोळे पुसत होते ती मी.

सूज उतरली होती. डॉक्टरीणबाईंनी थेंब हळूहळू बंद करायला सांगितले. त्या आनंदात रविवारी मी शिरा केला आणि आम्ही मायलेकी काकांकडे गेलो. तेवढ्यात अमेरिकेहून फोन आला.

"हं. बरा आहे. नाही, काही विशेष नाही," म्हणत काका फोन ठेवणार, तोच मुक्ताने रिसीव्हर ओढून घेतला.

"काकू, काका परवा रडले! पण नळीत नाही पडलं."

काकांनी कसंनुसं हसत रिसीव्हर परत घेतला. मग काकूंचा आवाज आला, सातासमुद्रापलीकडून बोलताना माणसं ओरडतात तसा, आम्हा दोघींनाही ऐकू येईल इतका मोठा. "अहो, नीट सांगा बघू. आज सकाळी उठलात. मग?"

काका खुर्ची ओढून बसले. "मग दात घासले," ते म्हणाले. "पेस्ट संपत आली होती, पण संपली नव्हती."

"मग?" काकूंनी विचारलं.