खिडकीतला एसी आणि बर्फाकडचं स्थळ

एका जंगलात, म्हणजे झाडं शिल्लक होती म्हणून जंगल म्हणायचं, भिकाजी नावाचं एक अस्वल राहत होतं. बाळांनो, मांडी घाला. मागच्यांनी पुढच्यांच्या वेण्या सोडा.

भिकाजीच्या गुहेला एक खिडकी होती आणि खिडकीत एक एसी होता. इतका जुना, की आधी एसी आला की खिडकी, यावर नवराबायकोत अजून वाद होता. चालू केला की तो आधी खोकायचा, मग थरथरायचा, मग थेंब थेंब पाणी गाळायचा. भिकाजी त्याच्यापुढे तोंड धरून म्हणायचा, "येतंय. जरा जरा येतंय." काही येत नव्हतं.

दुखणं साधं होतं. हवेची जाळी तुंबली होती. पण ती धुवायची कोणी? भिकाजीची बायको सगुणाबाई दर दसऱ्याला एसीला हळदकुंकू वाहायची, झेंडूचा हार घालायची आणि जुना हार काही काढायची नाही. जाळीत पाकळ्यांचा नुसता खच!

"जरा उघडून बघूया का गं?" भिकाजी विचारायचा.

"पूजेतली वस्तू आहे ती. तिच्या पोटात डोकावतात का?"

असं चाललं होतं. मग ऐन वैशाखात त्यांच्या मधुराला स्थळ आलं. मधुरा एकुलती एक. काळीभोर, केसाळ आणि उकाड्याने जीव नकोसा झालेली. मुलगा थेट बर्फाकडचा, पांढरं अस्वल.

"करीन तर याच्याशीच," मधुरा म्हणाली.

"मुलगा पाहिलास?"

"बर्फ पाहिला. फोटोत."

मुलाचे वडील हिमनाथराव. त्यांनी निरोप धाडला, 'उद्या बघायला येतो. गुहा गार ठेवा. आमचा चिरंजीव उकाड्यात चिडतो, आणि चिडला की नाही म्हणतो.'

भिकाजीने धावत जाऊन बजाबा माकडाला आणलं. जंगलातला एसीवाला तोच. आला, तो लांबूनच ओरडला, "गॅस गेलाय!"

"अरे, न बघताच?"

"गॅस दिसतो का कधी, काका?" मग त्याने एसीच्या पाठीत दोन थपडा घातल्या आणि कपाळाला हात लावला. "याला आधी कुणी हात लावला होता?"

"तूच. गेल्या उन्हाळ्यात."

"तरीच! काही कळत नाही लोकांना."

त्याने एसी उपटून अंगणात आणला आणि त्यावर धबाधबा पाणी ओतलं. हार वाहून गेले, पाकळ्या वाहून गेल्या, जाळी लख्ख झाली. आता नुसता गंजलेला खोका उरला. तोंड कुठलं नि पाठ कुठली, कुणालाच सांगता येईना.

तेवढ्यात सगुणाबाई आली. "अगंबाई, शुभकार्य घरात आणि हा असा उघडाबोडका!" म्हणून तिने समोर दिसली त्या बाजूला ताजा हार घातला.

बजाबाचा चेहरा उजळला. "हाराकडचं तोंड आत!" म्हणाला आणि एसी ठोकून बसवून टाकला.

"अरे, बटणं बाहेर गेली की," भिकाजी म्हणाला.

"नवी पद्धत आहे, काका. आत जागा वाचते."

तुमच्या लक्षात आलं ना? भिकाजीच्या नाही आलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, हिमनाथराव, त्यांची बायको आणि चिरंजीव. भिकाजीने बाहेर जाऊन बटण दाबलं आणि पळत आत येऊन बसला. एसी न खोकता सुरू झाला. पाच मिनिटांत गुहेची भट्टी झाली.

"येतंय," भिकाजी घाम पुसत म्हणाला. "जरा जरा येतंय."

चिरंजिवांची जीभ छातीवर लोंबली. मधुरा मधाचा शिरा घेऊन आली, तोवर हिमनाथराव उठले होते.

"भिकाजीराव, आम्हाला मुलगी बघायला बोलावलंत की उकडायला? ही सोयरीक होणे नाही!"

सगळे तरातरा बाहेर पडले. मधुराच्या डोळ्यांतलं पाणी टपटप शिऱ्यात पडलं. भिकाजीला वाटलं, आपलंच कातडं काढून पोरीला वारा घालावा.

परतीची वाट गुहेच्या मागून होती, खिडकीखालून. तिथे हिमनाथराव थबकले. त्यांच्या मिशांवर दव जमलं. त्यांनी डोळे मिटले आणि बसकण मारली. शेजारी चिरंजीव आडवे झाले.

"भिकाजीराव," हिमनाथराव गहिवरून म्हणाले, "हे काय आहे?"

पाठोपाठ आलेला भिकाजी जन्मात पहिल्यांदा झटकन बोलला. "बैठक इथेच आहे, हिमनाथराव. आत फक्त चपला काढायच्या होत्या."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

सतरंजी मागे आली, शिरा मागे आला, मधुरा मागे आली. चिरंजिवांनी शिरा खाल्ला, मधुराकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालेल." मधुराने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "तिकडे बाराही महिने असंच असतं ना?" विचारलं आणि होकार दिला.

"काय मन आहे यांचं!" हिमनाथराव बायकोला म्हणाले. "स्वतः भट्टीत राहतात आणि गारवा आल्यागेल्याला देतात."

ही कीर्ती जंगलभर झाली. मोठ्या घरच्या पद्धती कुणाला नको असतात? वाघाने एसी उलटा करून घेतला, कोल्ह्याने घेतला, सशाने तर हप्त्यावर घेतला. बजाबाला जेवायला फुरसत मिळेना. आता जंगलात गुहेत कुणी बसत नाही. सगळे आपापल्या दाराबाहेर, झाडाखाली बसतात. एसी यायच्या आधी बसायचे, तसेच. फक्त तेव्हा वीज लागत नसे.

तात्पर्य : बाळांनो, काम उलटं झालं तर ते सुलटं करत बसू नये. सतरंजी उचलावी, जिथे बरं वाटेल तिथे अंथरावी आणि ठणकावून सांगावं, बैठक इथेच ठरली होती.