भिकाजीनानांची खूण

एक चूक मी पंचवीस वर्षे लपवून ठेवली. ती सांगायची तर आधी भिकाजीनानांची ओळख करून द्यावी लागेल.

लालबागच्या चाळीत त्यांच्या आणि माझ्या खोल्यांमध्ये फळ्यांची एकच भिंत होती. नाना गिरणीत साच्यांवर विणकर होते आणि स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. पाळीवरून परतले की ते बंद दाराशी उभे राहत. आतून त्यांची बायको, आमच्या वहिनी, विचारत,

"लग्नात डावी व्हाण खंय गेली?"

"कुत्र्यान नेली."

मग कडी निघे. एकदा वहिनींनी दार उघडेच ठेवले, तर नाना उंबऱ्याबाहेर ताटकळले.

"अगो, आधी विचार."

"समोर दिसतास मा."

"तोंड बघूनच लोक फसतत. माणूस ओळखू नये, खूण ओळखावी."

गावाहून निरोप घेऊन येणाऱ्याला घरची खूण विचारणे ही जुनी रीत. नानांनी ती रोजची केली. त्यांची खूण नवराबायकोखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती. साच्यांच्या खडखडाटात उमर गेलेल्या माणसाची कुजबूजही भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू येते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात नाना पकडले गेले. त्याच आठवड्यात भायखळ्याच्या एका हॉटेलात मी मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवली. प्रश्न, उत्तर, सगळेच. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थही मनापासून हसले. "कुठे राहतात हो हे?" त्यांनी विचारले. मी चाळ सांगितली, नाना तुरुंगात आहेत हेही सांगितले. ऐकणारा मिळाला की मला राहवत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस वहिनींच्या दाराशी आला. जामिनासाठी नानांनी पाटल्या मागितल्या आहेत, म्हणाला. वहिनींनी कडी न काढता खूण विचारली. त्याने अचूक सांगितली. माहेरहून आलेल्या पाटल्या त्यांनी त्याच्या हाती दिल्या.

नाना सुटून आले. "मी कुणाक सांगूक नाय," ते म्हणाले. रागाने नव्हे, आठवून पाहत.

"मगे माज्याच तोंडातून गेली आसतली," वहिनी म्हणाल्या.

भिंतीअलीकडे मी हे ऐकत होतो. उठून जायला चार पावले पुरेशी होती. परंतु चाळीत मी शिकलेला, भरवशाचा शेजारी गणला जात असे आणि ते स्थान मला सोडवले नाही.

त्या दिवसापासून दाराशी प्रश्न झाला नाही. नाना कडी वाजवत, वहिनी खाली मान घालून दार उघडत.

गेल्या वर्षी वहिनी वारल्या. मी भेटायला गेलो. नाना म्हणाले, "जाताना पण तिचा तेच रे. 'पाटल्यांची चूक माजी, माफ करा.' मी म्हटलंय, गो, मीच कोठडीत झोपेत बरळलो आसन. वर्षानुवर्षे सांगत इलंय. ऐकूक नाय. शेवटी म्हटलंय, केलंय माफ. तेव्हा गप झाली. माफ करण्यासारखा तिचा काय होता?"

या वेळी मी बोललो.

"नाना, खूण वहिनींच्या तोंडातून गेली नाही आणि तुमच्याही नाही. भायखळ्याच्या हॉटेलात लोकांना हसवायला ती मी सांगितली. तुमची क्षमा मागतो. त्यांची मागायला मी उशीर केला."